घासाघीस दराची, भांडण मापाचे

महाराष्ट्रात नवी सदनिका घेणाऱ्या माणसाच्या मागे आज कायदा बऱ्यापैकी उभा आहे. स्थावर संपदा कायदा, म्हणजे ज्याला सगळे ‘रेरा’ म्हणतात तो, २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि त्याने बिल्डरवर काही ठळक बंधने घातली. लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावे लागतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. तीच सदनिका दहा-बारा वर्षांनी दुरुस्तीला काढली की यातले एकही कलम कामाला येत नाही. विक्रीशी संबंध नसलेली दुरुस्ती आणि नूतनीकरण रेराच्या कक्षेबाहेर आहे. वायरिंग करणारा परवानाधारक विद्युत ठेकेदार असावा लागतो, महापालिकेच्या नळजोडणीला परवानाधारक प्लंबर लागतो. पण सगळे घर उकलून पुन्हा बसवून देणाऱ्या मुख्य कंत्राटदाराला कोणती परीक्षा नाही की सक्तीची नोंदणी नाही. आज व्हिजिटिंग कार्ड छापले की उद्यापासून तो ‘सिव्हिल अँड इंटिरियर काँट्रॅक्टर’. पाच-दहा लाख रुपये आणि राहते घर आपण अशा माणसाच्या हाती देतो, तेव्हा आपले संरक्षण करणारी वस्तू जवळजवळ एकच उरते. ती म्हणजे आपण स्वतः लिहून घेतलेला कागद.

आणि नेमका तोच कागद आपण घेत नाही. तीन जणांना बोलावतो, घर दाखवतो, ‘चौरस फुटाला काय घेणार?’ असे विचारतो आणि दोन रुपये कमी करून घेतल्याच्या समाधानात बयाणा देऊन मोकळे होतो. काम बिघडले की दोष कंत्राटदाराच्या दानतीला. फसवणारे कंत्राटदार आहेत यात शंका नाही. पण घरकामातली बहुतेक भांडणे लबाडीतून सुरू होत नाहीत. काम किती आणि कसे, हे दोघांनी आपापल्या मनात वेगवेगळे धरलेले असते. खरा लबाडही याच संदिग्धतेवर जगतो. दर हा हिशेबातला एक आकडा. त्याला ज्याने गुणायचे ते माप आणि ज्याच्यासाठी तो दर आहे ते कामाचे वर्णन, हे दोन्ही मोकळे सोडून फक्त दरावर घासाघीस करण्यात काही अर्थ नाही.

रंगकामाचे उदाहरण घेऊ, कारण ते सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत फसवे. सहाशे चौरस फूट कार्पेटचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. एक रंगारी वीस रुपये दर सांगतो, दुसरा बावीस. बहुतेक घरांत पहिल्याला काम मिळेल. आता पहिल्याने माप धरले ते अंदाजाने, कार्पेटच्या चौपट, म्हणजे २,४०० चौरस फूट. दुसऱ्याने टेप लावून मोजले आणि टाइल्सच्या भिंती, कपाटांमागचा भाग, दारे-खिडक्या सोडून १,९०० भरले. पहिल्याचे बिल ४८,००० रुपये, दुसऱ्याचे ४१,८००. स्वस्त माणूस सहा हजार दोनशेने महाग पडला, आणि यात कोणी खोटे बोलले असेही नाही. ‘कार्पेटच्या साडेतीनपट’ किंवा ‘चौपट’ हा त्या धंद्यातला चालत आलेला ठोकताळा आहे. तो काही घरांना लागू पडतो, काहींना नाही. प्रत्यक्ष माप काढणे अवघड नाही. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर ४४ फूट, उंची साडेनऊ फूट धरली तर भिंती ४१८ चौरस फूट आणि छत १२०, मिळून ५३८. प्रश्न उरतो दारे-खिडक्या वजा करण्याचा. त्यासाठी आयएस १२०० नावाचे भारतीय मानकच आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागा वजा करायच्या नाहीत, त्याहून मोठ्यांची वजावट कशी करायची, हे त्यात ठरवून दिले आहे. घरच्या कामात त्याचे पान न पान पाळायची गरज नाही. वजावट करायची की नाही, एवढे काम सुरू होण्याआधी ठरले पाहिजे.

टाइल्समध्ये मापाचा घोळ आणखी बारीक होतो. बाजारात जिला ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती टाइल ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी असते. चार टाइल्सचा बॉक्स सोळा चौरस फुटांचा समजून घेतला जातो, पण तो भरतो साडेपंधरा. चारशे चौरस फुटांसाठी पंचवीस बॉक्स आणले तर कटिंगची तूट धरण्याआधीच माल कमी पडतो. मग महिनाभराने आणलेल्या बॉक्सवर बॅच नंबर वेगळा निघतो आणि हॉलच्या एका कोपऱ्यातली छटा कायमची निराळी दिसते. स्कर्टिंगचा हिशेब रनिंग फुटांत, डॅडोचा चौरस फुटांत. किचन ओटा रनिंग फुटांत, पण त्याच्या कडेचे मोल्डिंग आणि सिंकचे कटिंग बहुधा वेगळे लावतात. सुतारकामात तर माप घेण्याची पद्धतच मूळ प्रश्न टाळणारी आहे. कपाटाचा दर दर्शनी चौरस फुटावर सांगितला जातो. सहा बाय सातच्या कपाटाचे बेचाळीस फूट झाले, हिशेब संपला. प्रत्यक्षात दोन फूट खोलीच्या त्या कपाटाला बाजू, तळ, माथा, मधला पडदा, फळ्या आणि दारे धरून आठ बाय चारच्या चार-पाच शीट लागतात, पाठीचे पातळ प्लाय वेगळे. ते प्लाय आयएस ७१० चे मरीन आहे की आयएस ३०३ चे साधे, अठरा मिलिमीटरचे आहे की सोळाचे, फळ्या किती, ड्रॉवर किती, बिजागऱ्या कोणत्या, हे त्या बेचाळीस फुटांतून काहीच कळत नाही. दोन सुतारांच्या दरात फूटमागे दोनशे रुपयांचा फरक असेल, तर तो बहुतेक वेळा या न बोललेल्या गोष्टींचाच असतो.

वर्णनाअभावी सर्वांत मोठे नुकसान कशात होत असेल, तर ते वॉटरप्रूफिंगमध्ये. ‘बाथरूम वॉटरप्रूफ करून देतो’ हे कामाचे वर्णन नाही, ते आश्वासन आहे. वर्णन असे असते: जुन्या टाइल्स आणि खालचा कोबा स्लॅबपर्यंत काढायचा, नहाणी ट्रॅप आणि पाइप जिथे स्लॅबमधून जातात त्या जागा नॉन-श्रिंक ग्राउटने भरायच्या, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यांना गोलाई द्यायची, अमुक रसायनाचे किती कोट, भिंतीवर किती उंचीपर्यंत, दोन कोटांमध्ये किती वेळ. मग ट्रॅप बंद करून पाणी साठवायचे, ते निदान चोवीस तास, शक्यतो अठ्ठेचाळीस तास उभे ठेवायचे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहायचे. त्यानंतरच टाइल्स. ही पाण्याची चाचणी जवळजवळ फुकट होते, लागतो तो वेळ. तरीही ती सर्रास टाळली जाते, कारण दोन दिवस टाइल्सवाला मिस्त्री बसून राहतो आणि त्याचा रोज चालू असतो. चाचणी कागदावर लिहिलेली नसेल, तर ती मागणारा घरमालक त्या क्षणी कटकट्या ठरतो. लिहिलेली असेल, तर कामाचाच एक भाग. भिंतीत गाडल्या जाणाऱ्या पाइपांचेही तसेच. गिलावा चढण्याआधी पाइपांत दाबाने पाणी सोडून पाहणे आणि कोणती लाइन कुठून गेली याचे फोटो काढून ठेवणे, एवढे केले तरी पुढे खिळा ठोकताना कारंजे उडत नाही.

ही सगळी शिस्त नव्याने शोधून काढायची गरज नाही. ती आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षांपासून आहे, आणि तीही अशा खात्यात की वाचक हसतील. लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५४ मध्ये, सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले आणि सरकारी कामासाठी पुढे एक कागदी पद्धत रूढ झाली. आधी अंदाजपत्रक: प्रत्येक बाब वेगळी, तिचे वर्णन, परिमाण, दर आणि रक्कम. दर ठरवायला छापील दरसूची. काम सुरू झाले की मोजमाप पुस्तिका, जिच्यात झालेल्या कामाची लांबी-रुंदी-उंची जागेवर उभे राहून लिहायची. त्या मोजमापावर चालू देयक, म्हणजे जेवढे काम झाले तेवढेच पैसे. शेवटी अंतिम देयक, आणि तेव्हाही सुरक्षा ठेव हातात राखून दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत थांबायचे. यातली प्रत्येक पायरी एकाच प्रश्नाचे उत्तर आहे. देणारा आणि करणारा यांचा एकमेकांवर विश्वास नसताना काम कसे पार पाडायचे, हा तो प्रश्न. आपल्या घरातही परिस्थिती वेगळी नसते. फक्त ते बोलून दाखवायला आपण लाजतो.

इथे कोणीही विचारेल की ही पद्धत एवढी चांगली, तर त्याच खात्याच्या रस्त्यांना पहिल्या पावसात खड्डे का पडतात? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर माझ्या म्हणण्याला बळकटीच देते. मोजमाप पुस्तिका जागेवर न जाता टेबलावर बसून भरली, न झालेल्या थराची जाडी झाली म्हणून लिहिली, की घोटाळा होतो. सरकारी कामातला भ्रष्टाचार पद्धतीमुळे होत नाही, तो पद्धत मोडून होतो, आणि मोडणाऱ्याच्या खिशातला एक पैसाही त्यात बुडत नाही. घरमालकाची स्थिती याच्या उलट. पैसा त्याचा, घर त्याचे, गळती झाली तर बादली त्याच्याच हाती. मोजमाप खोटे लिहिण्यात ज्याचा काडीचा फायदा नाही, असा मोजणारा सरकारला कधी मिळत नाही. घरात तो फुकट उपलब्ध असतो.

आता पैशाकडे वळू, कारण कागद कितीही चांगला असला तरी तो पाळला जातो तो पुढचा हप्ता हातात असेपर्यंत. ‘निम्मे आधी द्या’ ही मागणी आता इतकी सवयीची झाली आहे की तिचे कारण कोणी विचारत नाही. लहान कंत्राटदाराकडे स्वतःचे भांडवल नसते. बँक त्याला सहजी कर्ज देत नाही आणि दुकानदाराची उधारी संपलेली असते. शिवाय मजुरांना दर आठवड्याला खर्ची द्यावी लागते, ती चुकली तर शनिवारी गेलेला माणूस सोमवारी येत नाही. म्हणून तुमच्या बयाण्यातून तो मागच्या घराचे अर्धवट काम पुरे करतो आणि तुमचे काम पुढच्या घराच्या बयाण्यातून पुरे होईल अशी आशा धरतो. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि साखळीतले एखादे नवे काम आले नाही की अख्खी साखळी थांबते. कारागीर चार दिवस गायब होतात, फोन उचलला जात नाही, आणि आपण त्याला लबाड ठरवतो. अनेकदा तो लबाड नसतो, रोख पैशाअभावी अडकलेला असतो. घरमालकासाठी परिणाम मात्र तोच.

यावरचा उपाय पैसे अडवून धरणे हा नाही. ते छोट्या तुकड्यांत आणि झालेल्या कामाला बांधून देणे हा आहे. सुरुवातीला दहा टक्के पुरेत, फार तर पंधरा. तोडफोड आणि प्लंबिंग झाले की एक हप्ता, वॉटरप्रूफिंगची पाण्याची चाचणी झाली की दुसरा, टाइल्स बसून त्या वाजवून पाहिल्यावर (पोकळ बसलेली टाइल टकटक केले की वेगळी वाजते) तिसरा. ‘पंधरा दिवसांनी पन्नास हजार’ असा तारखेला बांधलेला हप्ता नको, कारण तारीख आपोआप येते, काम येत नाही. टाइल्स, फिटिंग्ज, रंग, प्लाय यांसारखा मोठा माल शक्यतो दुकानदाराला थेट पैसे देऊन घ्यावा. त्यात फेऱ्या वाढतात, पण बयाण्याचे मुख्य कारणच नाहीसे होते आणि मालाचे बिल तुमच्या नावावर राहते. शेवटचे पाच ते दहा टक्के हिशेबानंतरही हातात ठेवावेत. गच्ची, बाल्कनी, खिडक्यांचे छज्जे किंवा बाहेरच्या भिंती यांचे काम असेल तर एक पावसाळा पार पडेपर्यंत. मार्चमध्ये झालेल्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर मे महिन्यात समाधान व्यक्त करण्यात काही हशील नाही. त्याची परीक्षा जून-जुलैमध्येच होते. हे राखून ठेवणे सुरुवातीलाच लिहिलेले असले पाहिजे, नाही तर शेवटी पैसे अडवले तर आपण शब्द मोडणारे ठरतो.

हे सगळे हातावर पोट असलेल्या माणसावर अन्याय करणारे आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बड्या कंपनीला लावायच्या अटी चार मजूर घेऊन फिरणाऱ्या मिस्त्रीला लावल्या तर तो एक तर पळेल किंवा तोट्यात जाईल. पण अटी दोन्ही बाजूंनी बांधलेल्या असतील तर चित्र बदलते. टप्पा पुरा झाला की त्याच दिवशी पैसे, ही अट घरमालकाने पाळायची. ‘साहेब बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात या’ हे सुशिक्षित घरांतून सर्रास ऐकू येणारे वाक्य आहे, आणि कंत्राटदार जास्त बयाणा मागायला शिकला तो काही अंशी अशाच घरांमुळे. छोटे हप्ते, पण वेळेवर, हे त्याच्या खर्चीच्या चक्राला मोठ्या बयाण्यापेक्षा जास्त मानवते. ही सोय नाकारून पन्नास टक्क्यांवरच अडून बसणारा कंत्राटदार आपल्या मागच्या कामांबद्दल न विचारता बरेच काही सांगून जातो.

घरमालकाच्या पदरात आणखी एक माप घालायला हवे. काम लांबण्याचे आणि खर्च वाढण्याचे मोठे कारण बहुधा तो स्वतः असतो. भिंत फोडल्यावर सुचते की स्विचबोर्ड पलीकडे हवा होता. टाइल्स आल्यावर शेजारच्यांच्या जास्त आवडतात. ‘एवढे करून टाका हो, काय लागते त्याला’ असे म्हणत दहा लहान कामे वाढतात. त्यांचा दर कोणीच बोलत नाही आणि शेवटच्या बिलात ‘वाढीव काम’ या एका ओळीत साठ हजार रुपये दिसले की आकाशपाताळ एक होते. सरकारी कामात अंदाजपत्रकाबाहेरच्या प्रत्येक बाबीला वेगळी मंजुरी लागते. घरात तिची जागा एक व्हॉट्सॲप संदेश घेऊ शकतो: काय वाढवले, किती रुपये, किती दिवस जास्त. समोरून ‘ओके’ आल्याशिवाय काम नाही. हा नियम कंत्राटदाराच्या फायद्याचा जास्त आहे, कारण फुकटात राबवून घेतल्याची तक्रार त्याच्या बाजूने तितकीच खरी असते.

ओळखीचा माणूस आहे, नात्यातल्याने सुचवला आहे, त्याच्यापुढे कागद ठेवला तर राग येईल, ही भीड आपल्याकडे फार जबर आहे. कायदा या भिडेच्या आड येत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा, आणि त्यानुसार तोंडी करारही करारच असतो. अडचण पुराव्याची आहे. दोन वर्षांनी कोण काय म्हणाले हे दोघांनाही प्रामाणिकपणे वेगळे आठवते, आणि ओळखीच्या माणसाशी झालेले भांडण कामापुरते राहत नाही, लग्नकार्यांपर्यंत पोहोचते. तेव्हा ओळख जितकी जवळची तितका कागद जास्त गरजेचा. त्यासाठी स्टँप पेपर किंवा वकिली भाषा लागत नाही. बाबनिहाय यादी, मापे, मालाचे नाव आणि प्रत, टप्पे, मुदत, राखून ठेवायची रक्कम, दोघांच्या सह्या. दोन पाने होतात. ‘आम्हांला त्यातले कळत नाही’ असे ज्यांना वाटते त्यांनी स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याला किंवा वास्तुविशारदाला फी देऊन हे अंदाजपत्रक करून घ्यावे. दहा लाखांच्या कामात ती फी वाया जात नाही. मात्र ज्याचे कमिशन कंत्राटदाराकडून किंवा टाइल्सच्या दुकानातून येते असा सल्लागार नको.

बिलाबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. ‘बिल हवे तर अठरा टक्के वर लागतील’ हे वाक्य ऐकले की घरमालक मुकाट्याने रोखीला तयार होतो. जीएसटीत नोंदणी असलेल्या कंत्राटदाराला या कामावर अठरा टक्के कर लावावा लागतो, हे खरे. पण ज्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत आहे अशा सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे नोंदणीच सक्तीची नाही, त्यामुळे त्याने कर लावण्याचाही प्रश्न येत नाही. असा लहान कंत्राटदार साध्या कागदावर सही करून पैसे मिळाल्याची पावती देऊ शकतो आणि ती पूर्ण कायदेशीर असते. म्हणजे लहान माणसाकडून पावती घ्यायला कर आड येत नाही, आणि मोठ्या माणसाने बिल टाळले तर तो तुमचे पैसे वाचवत नाही, स्वतःचा माग पुसतो. यूपीआय किंवा चेकने दिलेल्या पैशाची नोंद आपोआप राहते. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारायला तर आयकर कायद्याचीच मनाई आहे.

हे सारे करूनही वाद झालाच तर दार कोणते ठोठावायचे? बांधकाम ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले, आणि घरबांधणीचा उल्लेख कायद्यातल्या सेवेच्या व्याख्येतही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची सोय दिली. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगातच चालते, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. तक्रारीची मुदत मात्र वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. यात एक मेख आहे. तुम्ही कंत्राट न देता नाक्यावरून गवंडी आणि बिगारी रोजावर आणले, त्यांना काय करायचे ते रोज तुम्हीच सांगितले, तर तुमचे नाते ग्राहकाचे न राहता मालकाचे होऊ लागते, आणि वैयक्तिक नोकरीच्या कराराला हा कायदा लागू होत नाही. रोजावरचे काम स्वस्त पडते, पण जबाबदारीही तुमच्याच अंगावर येते. आयोगापुढे निकाल फिरतो तो पुन्हा कागदावरच: काय ठरले होते, किती दिले, काय झाले, आणि त्यातला दोष एखाद्या अभियंत्याने लिहून दिला आहे का.

सगळे एकाच ठिकाणी करून देणाऱ्या कंपन्या आता मुंबई-पुण्यात भरपूर आहेत आणि त्यांना काम दिले की या कटकटी संपतात असे मानले जाते. वेळ नसलेल्यांना त्या सोयीच्या आहेत, नोंदही चोख ठेवतात. पण त्यांच्या छापील करारातही पॅकेजचे नावच मोठे असते आणि प्लायची जाडी बारीक अक्षरात. हप्ते बहुधा माल कारखान्यातून निघण्याआधीच जवळजवळ पुरे झालेले असतात. माप आणि वर्णन तिथेही वाचावेच लागते.

जे मुळीच घासाघीस करण्याजोगे नाही ते इमारतीच्या सांगाड्याशी संबंधित. कॉलम, बीम, स्लॅब आणि जुन्या इमारतीतल्या भार पेलणाऱ्या भिंती यांना हात लावायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि महापालिकेची परवानगी हवीच. घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी चार मजली सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम सुरू होते आणि त्यात इमारतीचे आधारच तोडल्याचा आरोप झाला. ‘हा पिलर काढला तर हॉल मोठा होईल’ असे सुचवणाऱ्या कंत्राटदाराला तिथल्या तिथे निरोप द्यावा.

शेवटी एक विनंती गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारी समित्यांना. आदर्श उपविधींनुसार सदस्याला फेरबदल करण्याआधी समितीची परवानगी घ्यावी लागते, आणि अनेक संस्था त्या वेळी अनामत घेतात, डेब्रिज आणि कामाच्या वेळांचे नियम हातात ठेवतात. त्याच वेळी आणखी एक काम सहज होऊ शकते. चाळीस सदनिकांच्या इमारतीत नकाशे असतात फार तर तीन. प्रत्येक नकाशाच्या एका सदनिकेचे एकदा नीट मोजमाप करून घ्या: रंगाचे चौरस फूट, फरशी, डॅडो, स्कर्टिंग, ओटा, बाथरूमचे क्षेत्र. तो तक्ता संस्थेच्या दप्तरी ठेवा आणि परवानगीच्या अर्जासोबत सदस्याच्या हाती द्या. ज्यांचे काम नुकतेच झाले आहे त्यांनी आपल्या खुशीने बाबनिहाय दर, महिना आणि वर्ष त्याखाली लिहावे. एका रविवारी सकाळी दोन माणसे आणि एक टेप एवढ्या भांडवलावर हे काम होते.